लिलोच्या आधीची ओळ

माझा धाकटा भाऊ पहिल्या नोकरीवर रुजू व्हायला बंगळूरला निघाला तो रविवार होता. गाडी संध्याकाळी मिरजेहून होती. सकाळी नाश्ता झाल्यावर तो कॉम्प्युटरसमोर बसला आणि म्हणाला, "अक्का, जाता जाता तेवढं तुझं काम करून टाकतो." तासाभरात आमचा कॉम्प्युटर उठेनासा झाला.

तेव्हा आम्ही दोघं सांगलीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. आईवडील गावाकडं. मी आधी कोर्टासमोर मराठी टाइपरायटरवर अर्ज टाइप करायचे, नंतर घरीच कॉम्प्युटर घेऊन अक्षरजुळणीची कामं घ्यायला लागले. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, कॉलेजच्या मुलांचे प्रकल्प. भाऊ इंजिनिअरिंगला होता. कॉम्प्युटर कंपनीचा तयार नव्हता, साताऱ्यात एका माणसाकडून सुटे भाग जुळवून घेतलेला होता. ते गृहस्थ फौजेत सिग्नलमध्ये, बिनतारी संदेशांच्या कामावर होते, लवकर बाहेर पडून त्यांनी दुकान टाकलं होतं. मदरबोर्ड जुना मिळाला, हार्डडिस्क मात्र नवी आणि मोठी घेतली, कारण आम्हा दोघांना जागा हवी होती.

डिस्कचे दोन भाग केले होते. एका भागात माझं विंडोज आणि मराठी फाँट, दुसऱ्यात भावाचं लिनक्स. बटण दाबल्यावर या दोघांपैकी कोणाला उठवायचं हे ठरवायला एक छोटा प्रोग्रॅम लागतो, त्याला बूटलोडर म्हणतात. आमच्याकडं तो लिलो नावाचा होता. काळ्या पडद्यावर नाव यायचं आणि तो काही सेकंद थांबायचा. तेवढ्यात मी 'विन' टाइप केलं तर माझी बाजू उघडायची. चहाचा कप ठेवायला वळले आणि वेळ गेली, की भावाचं लिनक्स सुरू व्हायचं. मग ते नीट बंद करून पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाईक समोर बसलेलं असलं की माझा जीव कासावीस व्हायचा.

भाऊ जाणार म्हटल्यावर मीच त्याला म्हटलं होतं, की आता तू नसणार, तर बटण दाबलं की सरळ माझंच उघडू दे. त्याला त्याचं लिनक्स पुसायचं नव्हतं. तो म्हणाला, "लिलो काढतो आणि विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या डॉसमध्येच दोन ओळींचा मेन्यू करून देतो. पहिली ओळ तुझी, दुसरी माझी. तू काहीच केलं नाहीस तरी तुझीच बाजू उघडेल." ऐकायला सोपं होतं. त्यालाही ते सोपंच वाटत होतं.

त्यानं डॉसची फ्लॉपी घालून कॉम्प्युटर चालू केला, एक आज्ञा टाइप केली आणि एंटर दाबलं. त्या आज्ञेनं डिस्कच्या अगदी सुरुवातीच्या जागेतला लिलो पुसला जातो आणि तिथं साधा बूटलोडर येतो. फ्लॉपी काढून त्यानं पुन्हा बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत एवढंच आलं, की ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही.

त्यानं परत चालू केला. तेच. मग फ्लॉपी घालून डिस्कचे भाग बघितले. दोन भागांच्या जागी एकच भाग दिसत होता आणि त्याचा प्रकार ओळखता येत नाही असं लिहिलं होतं. भाऊ खुर्चीत जरा मागं सरकला. त्याला लहानपणापासून बघत आलेय मी. घाबरला की तो बोलायचा थांबतो आणि खालचा ओठ दातात धरतो.

"माझ्या फायली आहेत ना?" मी विचारलं.

"थांब जरा."

"मॅडमचा प्रबंध आहे त्यात."

"माहिती आहे मला. थांब."

मॅडम म्हणजे भूगोलाच्या प्राध्यापिका. त्यांचा पीएचडीचा प्रबंध मी टाइप करत होते. विषय होता क्षारपड जमिनींचा. आमच्या कृष्णाकाठच्या उसाच्या रानांना वर्षानुवर्षं पाणी पाजून पाजून खालचं मीठ वर आलं होतं, पांढऱ्याफटक पडलेल्या त्या जमिनी बघत त्या गावोगाव हिंडल्या होत्या. वडील रेल्वेत गँगमन, घरात कॉलेजात शिकवणाऱ्या या पहिल्याच. विद्यापीठाकडून मुदत एकदा वाढवून मिळाली होती, दुसऱ्यांदा मिळणार नव्हती. शेवटची तारीख पुढच्या आठवड्यात होती. पहिल्या खर्ड्याच्या फ्लॉप्या माझ्याकडं होत्या. पण नंतर शेवटच्या तीन प्रकरणांत मार्गदर्शकांनी सुचवलेले बदल आम्ही दोघींनी शेजारी बसून केले होते. त्या सांगायच्या, मी टाइप करायचे. ते सगळं फक्त त्या डिस्कवर होतं. ते काम आदल्याच संध्याकाळी संपलं होतं आणि रविवारी दुपारी फ्लॉप्यांवर घेऊन छापायला काढायचं ठरलं होतं.

भाऊ एकेक करून बघत होता. केबल काढून घातली. मदरबोर्डच्या सेटिंगच्या निळ्या पडद्यात शिरून डिस्कची नोंद तपासली. तिथं डिस्क आहे त्यापेक्षा किती तरी लहान दिसत होती. "ही लहान कशी दिसते?" असं तो दोनदा स्वतःशीच म्हणाला. मी मागं उभी होते. बसवत नव्हतं. त्यानं पुन्हा एकदा बटण दाबलं आणि पडदा उजळताना मला जाणवलं, की आज काहीतरी कमी आहे.

"ती ओळ येत नाही रे आज," मी म्हणाले.

"कुठली ओळ?"

"लिलो यायच्या आधी एक ओळ यायची ना. फ्लॉपीवरून चालू करायचं असेल तर कंट्रोल दाबून धरा, अशी काहीतरी."

"ती मदरबोर्डची असेल."

"मदरबोर्ड तर तोच आहे. मग आज का येत नाही?"

तो खुर्चीतच माझ्याकडं वळला. मी रोज सकाळी 'विन' टाइप करायला टपून बसायचे, त्यामुळं त्या पडद्यावर काय काय सरकून जातं ते मला पाठ झालं होतं. त्याचं तसं नव्हतं. त्याचं लिनक्स आपोआप उघडायचं, तो तेवढ्यात हातपाय धुऊन यायचा.

"अक्का," तो हळू आवाजात म्हणाला, "ती ओळ डिस्कवरनं येत होती. लिलोच्या आधी तिथं दुसरंच काहीतरी बसवलेलं होतं आणि ते मी पुसलं."

आमच्या खोलीत फोन नव्हता. घरमालकांच्या फोनला एसटीडीचं कुलूप होतं. कोपऱ्यावरच्या बूथवर गेलो आणि साताऱ्याच्या दुकानाचा नंबर लावला. रविवार असल्यामुळं कोणी उचलला नाही. घरचा नंबर लावला, तो त्यांच्या आईनं उचलला.

"त्यो न्हाई घरात. मेढ्याला गेलाय, सासुरवाडीला. कवा येतोय काय सांगून न्हाई गेला."

मेढ्याचा नंबर त्यांनी सुनेकडून लिहून घेतला होता, तो शोधून एकेक आकडा सांगेपर्यंत बूथच्या मीटरकडं भाऊ बघत होता आणि मी त्याच्या मनगटावरच्या घड्याळाकडं. मेढ्यात फोन शेजाऱ्यांचा. ते बोलवायला गेले. आम्ही ठेवून पुन्हा लावला. शेवटी दुकानदार फोनवर आले. काचेच्या त्या खोक्यात मी भावाच्या कानाला कान लावून उभी होते.

"फ्लॉपीवरनं थेट चालू केलंस व्हय?" त्यांनी सगळं ऐकून विचारलं.

"हो."

"आरं, तुजा बोर्ड जुना हाय. एवढी मोठी डिस्क त्येला दिसतच न्हाई. म्हणून मी पुढं एक प्रोग्रॅम टाकला हुता, त्यो बोर्डाला डिस्क दाखवायचा. तुमाला सांगाय पायजे हुतं, ऱ्हायलंच. आता सांग, त्येच्यानंतर डिस्कवर काय लिवलंयस का?"

"नाही. नुसतं बघितलं."

"पक्कं?"

"पक्कं."

"मग डेटा हाय तितंच, असं मला वाटतंय. त्यो प्रोग्रॅम परत बसवला की दिसाय पायजे. फ्लॉपी माज्या दुकानात हाय. पर एक सांगतो गड्या, असं मी दोनदा केलंय. एकदा जमलं, एकदा न्हाई जमलं."

मीच रिसीव्हरजवळ तोंड नेऊन म्हणाले, "आवं, त्याची आज संध्याकाळी गाडी आहे. तुमची फ्लॉपी आम्हाला कशी मिळायची?"

मग ते म्हणाले, की जेवण राहू दे, मी मोटारसायकलवर साताऱ्याला जातो, दुकान उघडतो आणि सांगलीच्या एसटीच्या कंडक्टरकडं फ्लॉपी देतो. स्टँडवर उभे राहा. त्यानंतर त्यांनी भावाला काय काय करायचं ते सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर म्हणाले, "रिपीट कर." भावानं जसंच्या तसं म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला तर त्यांनी पुन्हा म्हणायला लावलं.

परत आलो तर मॅडम दारात उभ्या होत्या. रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपून, घरचं जेवणखाण करून त्या दुपारी आमच्याकडं यायच्या. हातात कागदाचं नवं रीम होतं, छपाईसाठी आणलेलं. काय झालंय ते भावानंच त्यांना सांगितलं. काही झाकलं नाही. "माझ्या हातून झालं," म्हणाला. त्या पलंगाच्या कडेला बसल्या. रीम मांडीवरच होतं.

"शेवटची तीन प्रकरणं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

"निष्कर्षसुद्धा?"

"हो."

त्यांनी पदरानं गळा पुसला. भावाला एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. तो उगीचच बॅग उघडून आतले कपडे पुन्हा लावत बसला.

चारच्या सुमारास मी आणि तो त्याची बॅग घेऊनच सांगली स्टँडवर गेलो. मॅडम घरीच थांबल्या. साताऱ्याची एक गाडी आली, कंडक्टरनं मान हलवली. मग बराच वेळ काहीच नाही. कराडला कसला तरी मेळावा आहे आणि गाड्या अडकल्यात असं चौकशीच्या खिडकीतून कळलं. भाऊ बाकावरून उठायचा, फलाटाच्या टोकापर्यंत जायचा, परत यायचा. मिरजेला जायच्या सिटी बसेस समोरून एकामागून एक सुटत होत्या.

"मी आज जात नाही," तो म्हणाला. "तार करतो, दोन दिवसांनी येतो म्हणून."

"पहिल्याच दिवशी?"

"मग काय करू? एवढं मोडून ठेवून जाऊ?"

"मला सांग काय करायचं ते. मी करते."

"तुला नाही जमायचं अक्का. एक बटण चुकलं तर सगळं जाईल."

"ते तुझ्या हातून गेलंच होतं की सकाळी," मी म्हणाले. बोलून गेले आणि त्याचा चेहरा बघून मला वाईट वाटलं. पण मागं घेतलं नाही. घेतलं असतं तर तो गेला नसता.

मग त्या गोंगाटात त्यानं मला सांगितलं. फ्लॉपी घालून चालू कर. दोन पर्याय येतील. वरचा नवीन डिस्क तयार करायचा, त्याला हात लावायचा नाही, त्यानं सगळं पुसलं जाईल. खालचा आधीचं दुरुस्त करायचा, तो घ्यायचा. मग विचारेल, लिहू का. तेव्हा वाय दाबायचं. मधे वीज गेली तर काय, असं मी विचारलं. "जायला नको," एवढंच तो म्हणाला. मग साताऱ्याच्या फौजी माणसासारखंच म्हणाला, "आता तू म्हणून दाखव." मी म्हणून दाखवलं. त्यानं बॅग उचलली. सिटी बसच्या दारात उभा राहून तो माझ्याकडं बघत होता. हात केला नाही, मीही केला नाही.

तो गेल्यावर अर्ध्या तासानं साताऱ्याची गाडी आली. कंडक्टरनं खाकी पिशवीतून पुठ्ठ्यांमध्ये दाबून सुतळीनं बांधलेलं एक पुडकं काढलं. आत फ्लॉपी होती आणि तिचीच आणखी एक कॉपी करून टाकलेली. त्या माणसाला हे सुचलं म्हणून मी मनातल्या मनात त्याला दुवा दिला.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. मॅडमनी चहा करून ठेवला होता, तो मी घेतला नाही. विजेचा दाब त्या वेळी कमीजास्त व्हायचा, संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागले की बल्ब मंद व्हायचा. आमचा यूपीएस नावापुरता होता. मी पंखा बंद केला, ट्यूब बंद केली. त्याचा उपयोग होतो की नाही ठाऊक नव्हतं. अंधारात फक्त पडदा उजळला.

पहिली फ्लॉपी घातली. ड्राइव्ह घरघरली, थांबली, पुन्हा घरघरली आणि वाचता येत नाही असं आलं. दुसरी घातली. तीही तशीच घरघरली. मग पडदा निळा झाला आणि पर्याय आले.

"मॅडम, जरा वाचा माझ्याबरोबर," मी म्हणाले. इंग्रजी मला येत होतं, पण त्या वेळी अक्षरं डोळ्यांपुढं हलत होती.

त्यांनी चष्मा सारखा करून हळूहळू वाचलं. वरचा पर्याय नवीन डिस्कचा. आपोआप त्याच्यावरच पांढरी पट्टी आली होती. म्हणजे सवयीनं नुसतं एंटर दाबलं असतं तरी सगळं संपलं असतं. मी उजवा हात मांडीवर ठेवला आणि डाव्या हाताच्या एका बोटानं खालचा बाण दाबला. पट्टी खाली सरकली.

"आता खालच्यावर आहे?"

"खालच्यावर आहे," मॅडम म्हणाल्या.

एंटर दाबलं. पुढचा पडदा आला. डिस्कच्या सुरुवातीला लिहायचं का, असं विचारत होता. वाय की एन. तेवढ्यात पडदा आक्रसल्यासारखा झाला आणि पुन्हा पसरला. खिडकीतून समोरच्या घरातला बल्ब पिवळा पडलेला दिसला. मी थांबले. बल्ब पुन्हा पांढरा झाला. तरी माझं बोट पुढं होईना. एकदा जमलं, एकदा न्हाई जमलं, हेच डोक्यात होतं.

मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "गेलं तर गेलं असं मी म्हणणार नाही. मला ते हवंय. चार वर्षं त्या रानांतनं फिरलेय मी. पण आता तुमच्याशिवाय दुसरं कोण करणार आहे? दाबा."

मी दाबलं. ड्राइव्हचा दिवा लागला आणि विझला. इतकंच. झालं, फ्लॉपी काढून पुन्हा चालू करा, असं आलं.

मी फ्लॉपी काढून पुन्हा बटण दाबलं. काळा पडदा. मेमरीचे आकडे मोजून झाले. मग ती ओळ आली, फ्लॉपीवरून चालू करायचं असेल तर कंट्रोल दाबून धरा. आणि तिच्या खाली, जणू सकाळपासून काही घडलंच नाही अशा थाटात, लिलो.

लिलो गेलाच नव्हता. भावानं सकाळी जे पुसलं ते पुढचं होतं, लिलो त्याच्या मागं होता तसाच होता. मला ते तेव्हा कळलं नाही. मी नुसती बघत राहिले आणि त्या नादात वेळ निघून गेली, भावाचं लिनक्स सुरू झालं. ओळींमागून ओळी वर सरकायला लागल्या.

"हे काय आहे?" मॅडमनी घाबरून विचारलं.

"काही नाही. हे त्याचं आहे," मी म्हणाले आणि मला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. मॅडमना काही कळेना, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

लिनक्स नीट बंद केलं, परत चालू केलं आणि या वेळी 'विन' टाइप केलं. माझी बाजू उघडली. निष्कर्षाचं प्रकरण उघडून मॅडमनी शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचलं. मग आधी मी सगळं फ्लॉप्यांवर घेतलं, दोन-दोन कॉप्या, आणि त्या त्यांच्या पर्समध्ये दिल्या. छपाई दुसऱ्या दिवशीवर टाकली. त्यांना रिक्षात बसवून आल्यावर मी तो गार झालेला चहा प्यायले.

भावाला कळवायची काही सोय नव्हती. तो रात्रभर गाडीत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकीणबाईंनी जिन्यातून हाक मारली. बंगळूर स्टेशनवरून फोन होता.

"प्रबंध?" तो एवढंच म्हणाला.

"आहे. सगळा आहे. आणि तुझा लिलोपण आहे."

मागं स्टेशनवरच्या कानडी घोषणा चालू होत्या. मग तो म्हणाला, "आता कशालाच हात लावू नको. मी आलो की बघू." आवाज घोगरा होता. झोपला नसणार.

मॅडमनी प्रबंध मुदतीत दिला. पुढं तोंडी परीक्षाही झाली आणि त्यांनी कंदी पेढे आणले, साताऱ्याहून मुद्दाम मागवलेले. त्यानंतर एका मोकळ्या दुपारी मी साताऱ्याच्या दुकानदारांना फोन लावला. त्यांना विचारून घेतलं, रिपीट करून दाखवलं, आणि या वेळी ती ओळ आल्यावर कंट्रोल दाबून धरून फ्लॉपीवरून चालू केलं, म्हणजे डिस्क दाखवणारा तो प्रोग्रॅम आधी चालू झाला आणि पुसला गेला नाही. लिलो काढला. डॉसचा मेन्यू केला, त्यात लिनक्सची ओळ तो आल्यावर कशी लिहिणार ते भावानं पत्रात सविस्तर कळवलं होतंच, फक्त त्यानं मला ते करायला सांगितलं नव्हतं. बटण दाबलं, चहा ठेवायला आत गेले आणि परत आले तर माझी बाजू उघडलेली होती.

रविवारी त्याचा फोन आला तेव्हा मी सांगितलं.

"तू एकटीनं केलंस?"

"हो."

"माझी बाजू उघडते का?"

"उघडते. पासवर्ड मागते."

"सांगू?"

"नको," मी म्हणाले. "दिवाळीत येशील तेव्हा तूच टाक."